धुऱ्यापलीकडचे औषध

वऱ्हाडात धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, होणारी भांडणे जुनीच आहेत. वखर घालताना कोणी हातभर धुरा कोरला, कोणाची गुरे शेजारच्या वावरात शिरली, कोणाच्या बाभळीची सावली दुसऱ्याच्या पिकावर पडली, एवढ्यावरून भावकीत अबोले धरले गेले, मोजणीचे अर्ज झाले, कोर्टात तारखा लागल्या. अलीकडे या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे. एकाने आपल्या सोयाबीनवर गवताचे औषध मारले, ते वाऱ्याने उडाले आणि आठवड्याभरात शेजारची ज्वारी बसली. धुरा जागच्या जागी, गुरे दावणीला, तरी नुकसान झाले. मोजणीत ते सापडत नाही आणि पीकविम्यातही बसत नाही.

ही पुस्तिका त्या नुकसानीबद्दल आहे. उडालेल्या तणनाशकाने तृणधान्यांचे काय होते, ते ओळखायचे कसे, कशामुळे होते आणि टाळायचे कसे, एवढाच तिचा आवाका. यातली निरीक्षणे बव्हंशी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली, त्यातही वलगावच्या आसपासच्या शिवारातली आहेत. वलगाव म्हटले की अनेकांना २० डिसेंबर १९५६ आठवतो. पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांनी देह ठेवला तो दिवस. शेतीच्या नजरेने पाहिले तर हे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या भारी काळ्या जमिनीचे. इथून पश्चिमेला भातकुली-दर्यापूरकडे निघाले की खारपाणपट्टा लागतो. उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी आणि पावसाळ्यात पायाला मणभर चिकटणारी ही जमीन पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाची आहे, कारण वापसा आल्याशिवाय या जमिनीत तण काढायचा डवरा चालत नाही, आणि डवरा अडला की पंप बाहेर निघतो.

मूळ प्रश्न औषधापेक्षा शेजाराचा आहे, असे माझे मत आहे. तणनाशके वाईट म्हणून ज्वारी बसते, हे उत्तर सोपे आहे पण अपुरे आहे. कोणत्या पिकाच्या शेजारी कोणते पीक उभे आहे, हे गेल्या तीस-चाळीस वर्षांत बदलले. त्या बदलाकडे पाहिल्याशिवाय हे नुकसान समजत नाही.

पूर्वीच्या वऱ्हाडी खरिपात दोन पिकांचे राज्य होते: पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि ज्वारी. तूर, मूग, उडीद त्यांच्या आसऱ्याने असत. १९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, त्यामागून आणखी सरस वाण आले आणि ज्वारीची कणसे भरली. १९६९ साली अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. या विद्यापीठाने कोरडवाहू शेतकऱ्याला शिफारस केलेली एक आंतरपीक पद्धत जुन्या लोकांना अजून तोंडपाठ आहे: सहा ओळी कपाशी, एक ज्वारी, दोन तूर, पुन्हा एक ज्वारी. एकाच वावरात पैसा, भाकर, डाळ आणि कडबा. अशा वावरात गवत मारणारे औषध सरसकट फवारायचे म्हटले तर आपलीच ज्वारी गेली असती, आणि द्विदल तण मारणारे औषध मारले तर आपलीच कपाशी आणि तूर. त्यामुळे निंदण आणि डवरणी हाच मार्ग होता, आणि शेजाऱ्याचाही तोच.

मग सोयाबीन आले. शंभर-सव्वाशे दिवसांत निघणारे, रोख पैसा देणारे, मागून हरभऱ्याला वावर मोकळे करून देणारे. इकडे ज्वारीचा पाय ओढणारी कारणे साठत गेली. कणसे भरण्याच्या वेळी पाऊस लागून राहिला की दाणा काळा पडे आणि बाजारात मातीमोल जाई. रेशनच्या गव्हाने घराघरात भाकरीची जागा पोळीला दिली. बैल कमी झाले तसा कडब्याचा आधारही ढिला झाला. उरलेसुरले रोही, रानडुकरे आणि पाखरांनी पुरे केले. एखाद्या शिवारात शंभर वावरांत ज्वारी असते तेव्हा पाखरे वाटली जातात. दोनच वावरांत असते तेव्हा सगळी तिथेच उतरतात.

तणनाशकाचेही तसेच झाले आहे. आज ज्वारी पेरणारा आहे, पण तो एकटा पडला आहे. घरच्या भाकरीपुरती, दोन म्हशींच्या वैरणीपुरती किंवा हुरड्याच्या हौसेने तो अर्धा-एक एकर ज्वारी पेरतो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, त्या निमित्ताने काही जण पुन्हा ज्वारीकडे वळले तेही असेच तुकड्या-तुकड्याने. त्या तुकड्याच्या चारही धुऱ्यांपलीकडे सोयाबीन. आणि सोयाबीनमध्ये मारायची औषधे नेमकी गवताच्या जिवावर उठलेली.

ज्वारी, मका, गहू, बाजरी, भात ही सगळी गवताच्या कुळातली पिके. सोयाबीन द्विदल. म्हणून सोयाबीनमध्ये उगवणीनंतर मारायची अनेक तणनाशके अशीच निवडलेली असतात की द्विदल वाचावे आणि गवत मरावे. क्विझालोफॉप इथाइल, प्रोपाक्विझाफॉप, फ्लुझिफॉप ही या गटातली नावे. गवताच्या झाडात मेदाम्ले तयार करणारे एक विकर असते. ही औषधे ते बंद पाडतात. मेदाम्ले नाहीत तर नव्या पेशींना आवरण नाही, आणि जिथे नव्या पेशी बनतात तो वाढीचा बिंदू आतल्या आत कुजतो. सोयाबीनमधले तेच विकर वेगळ्या घडणीचे असल्याने त्याला धक्का लागत नाही. इमॅझेथापायरची रीत निराळी. ते काही अमिनो आम्ले बनण्याची वाट अडवते. सोयाबीन त्याला पटकन मोडून निकामी करते, ज्वारीला ते साधत नाही. फवारणाऱ्याच्या दृष्टीने हे सगळे ‘सोयाबीनचे औषध’ असते. धुऱ्यापलीकडच्या ज्वारीच्या दृष्टीने ते ज्वारी मारण्याचे औषध असते.

त्यात वेळ जुळून येते. मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसावर पेरणी झाली की पंधरा-वीस दिवसांनी, तण दोन ते चार पानांचे असताना, ही औषधे मारायची असतात. म्हणजे जुलैचा पहिला-दुसरा आठवडा. त्याच वेळी ज्वारीही तीन ते पाच पानांवर असते. झड लागलेली असते, वावरात पाय घालता येत नाही, तण डोळ्यांदेखत वाढत असते. मग दोन दिवस उघडीप मिळते आणि सगळे गाव एकदम फवारायला निघते. वारा पाहायला कोणाकडे सवड नसते. आज मारले नाही तर परवा पुन्हा झड, आणि मग तण हाताबाहेर. या दिवसांत पश्चिमेचा वारा चांगलाच भरारा असतो. त्यामुळे ज्याची ज्वारी सोयाबीनच्या पूर्वेला, त्याला धोका जास्त.

आता झाड हातात घेऊन पाहू. फवारा उडून आल्यावर पहिले तीन-चार दिवस ज्वारीवर काहीच दिसत नाही. फार तर वाढ थबकल्यासारखी वाटते. पाचव्या-सातव्या दिवशी मधली कोवळी सुरळी फिकट पिवळी पडते, मात्र खालची जुनी पाने हिरवीगार असतात. ही सुरळी चिमटीत धरून हलकेच वर ओढली की झाड जराही विरोध करत नाही. सुरळी अलगद हातात येते. तिचे खालचे टोक तपकिरी, मऊ, शिजल्यासारखे असते. खोड विळ्याने उभे चिरले तर जिथे पांढरा, टणक वाढबिंदू दिसायला हवा तिथे तपकिरी डाग दिसतो. ज्वारीचा हा बिंदू उगवणीनंतर महिनाभर जमिनीलगतच, पानांच्या सुरळीच्या तळाशी दडलेला असतो. पानावर पडलेले औषध तिथपर्यंत झाडाच्या रसातून उतरते, म्हणून पान हिरवे असतानाही झाड गेलेले असू शकते. पुढच्या आठवड्यात जुन्या पानांच्या कडा तांबूस-जांभळ्या होतात आणि झाड संपते.

जाणत्या शेतकऱ्याचीही फसगत इथेच होते, कारण खोडमाशीची पोंगामर याच वयाच्या ज्वारीत येते आणि तिच्यातही मधली सुरळी ओढताच हातात येते. शेतकरी पोंगामर समजून दुकानात जातो, कीटकनाशक आणतो, ज्वारी काही सुधारत नाही. पिकाचे नुकसान झालेच, वर औषधाचा खर्च. फरक ओळखता येतो. खोडमाशीच्या पोंग्याला कुजका वास असतो आणि खोड चिरले तर बारीक पांढरी-पिवळसर अळी सापडण्याची शक्यता असते. मुख्य म्हणजे पोंगामर वावरभर विखुरलेली असते, एक झाड इथे, दोन तिथे. उडालेल्या औषधाचे नुकसान धुऱ्याकडून सुरू होते. धुऱ्यालगतची तासे पार गेलेली, पुढची खुरटलेली, आणखी आत फक्त पिवळसर आणि त्यापलीकडे निरोगी. ही उतरंड वाऱ्याच्या दिशेने असते. वावराच्या कोपऱ्यावर उभे राहून तासांच्या रेषेत नजर टाकली की ती स्पष्ट दिसते. लोहाच्या कमतरतेनेही आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कोवळी पाने पिवळी पडतात, पण ती पिवळेपणा शिरांच्या मधोमध रेषारेषांनी दाखवतात, सुरळी तुटून येत नाही, आणि त्या पिवळेपणाचा वाऱ्याशी संबंध नसतो.

प्रत्येक औषधाची खूण वेगळी असते आणि पुस्तिकेचे दुसरे प्रकरण या खुणांसाठीच राखले आहे. इथे थोडक्यात सांगतो. इमॅझेथापायरचा थोडा अंश आला तर ज्वारी लगेच मरत नाही. बुटकी राहते, पानांच्या शिरा जांभळट होतात, मुळे आखूड आणि झुबकेदार राहतात. पॅराक्वाटचा तुषार जिथे पडला तिथेच दोन दिवसांत जळल्याचा डाग उठतो, पण ते झाडात फिरत नसल्याने नवे पान स्वच्छ येते. दिसायला सर्वांत भयंकर, प्रत्यक्षात बहुधा सावरणारे नुकसान. ग्लायफोसेट याच्या उलट. ते वरून खाली मुळांपर्यंत फिरते, आणि पोटरीतल्या ज्वारीवर थोडेसे आले तरी कणीस बाहेर पडते पण दाणा भरत नाही. शेतकऱ्याला ते कळते कणीस पोचट निघाल्यावर. तोवर कोणी कधी काय मारले हे कोणाच्याच लक्षात नसते.

झाड वाचले म्हणजे पीक वाचले असेही नाही. मुख्य खोड मेले की बुडातून फुटवे येतात. ते दोन-तीन आठवडे मागे असतात, म्हणून त्यांची कणसे उशिरा निसवतात. उशिरा फुलणाऱ्या ज्वारीवर मिजमाशी तुटून पडते. वावरातला माल एका वेळी काढणीला येत नाही आणि पाखरांना महिनाभर खाणे मिळते. शिवाय मार खाल्लेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्लाचे प्रमाण वाढलेले असते. पीक गेले म्हणून जनावरे सोडून दिली, तर जनावरही जाऊ शकते. हा धोका प्रत्येक पशुपालकाने लक्षात ठेवला पाहिजे.

रब्बीत हीच देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. हरभऱ्यात गवतासाठी मारलेले औषध शेजारी नुकत्याच उगवलेल्या गव्हावर येते. महिनाभराने गव्हात रुंद पानांच्या तणांसाठी मारलेले २,४-डी किंवा मेटसल्फुरॉन मिथाइल फुलोऱ्यातल्या हरभऱ्यावर जाते. गहूवाला आज फिर्यादी असतो, उद्या आरोपी. २,४-डी हे गव्हाचे मान्य औषध आहे, पण तेही पेरणीनंतर तीस-पस्तीस दिवसांच्या सुमारास, फुटवे पुरे झाल्यावर आणि कांडी धरण्याआधी मारायचे असते. लवकर किंवा उशिरा पडले, मग ते आपल्या हाताने असो वा शेजाऱ्याच्या वाऱ्याने, तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात आणि दाणे कमी भरतात. मेटसल्फुरॉनची मात्रा इतकी बारीक आहे, की हेक्टरी अवघे ४ ग्रॅम क्रियाशील घटक पुरतो. जे औषध ग्रॅमात काम करते त्याचा उडालेला अंशही हरभऱ्यासारख्या पिकाला पुरेसा असतो.

औषध उडते कसे, हा पुस्तिकेचा तिसरा भाग. थेंबाचा आकार हे त्याचे मर्म. तीन मीटर उंचीवरून सोडलेला १०० मायक्रॉनचा थेंब सुमारे दहा सेकंदांत खाली येतो. ताशी पाच किलोमीटरच्या मंद वाऱ्यात तेवढ्या वेळात तो तेरा-चौदा मीटर सरकतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला खाली यायला चार मिनिटे लागतात आणि तो तीनशे मीटरपलीकडे जातो. ५ मायक्रॉनचा थेंब तासाभराहून अधिक काळ तरंगत राहतो. एका मोठ्या थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच द्रावणाचे आठ थेंब होतात, म्हणजे उडणाऱ्यांची संख्या आठपट. पाठीवरच्या पंपाची तोटी जमिनीपासून फूट-दोन फुटांवर असते म्हणून अंतरे कमी होतात, पण हिशेब तोच.

आपल्याकडे घरोघरी असलेल्या पंपाला जे होलो कोन नोझल असते ते कीटकनाशकासाठी बनलेले आहे. पानाच्या खालच्या बाजूपर्यंत धुके पोचावे म्हणून ते मुद्दाम बारीक थेंब करते. तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लागते, जे जाड थेंबांचा पट्टा टाकते. हे नोझल महाग नाही, तरी बदलले जात नाही. पेट्रोलवरच्या पॉवर पंपाने तर तणनाशक मारूच नये. जितका दाब जास्त तितके धुके जास्त. एकरी २०० लिटर पाण्याची शिफारस असते, १५ लिटरचे तेरा-चौदा पंप. फवारणारा पंपामागे मजुरी घेतो आणि मालकालाही पैसे वाचवायचे असतात, म्हणून सात-आठ पंपांत एकर उरकला जातो, द्रावण दाट होते आणि चाल वाढते. आता ड्रोन आले आहेत. ते एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम करतात, पिकाच्या दोन-तीन मीटर वरून. मजुरांच्या टंचाईत आणि झडीच्या दिवसांत ते उपयोगाचे आहेत, पण तणनाशकासाठी ड्रोन वापरताना वर दिलेला तीन मीटरचा हिशेब तंतोतंत लागू होतो, आणि थेंबातले औषध कितीतरी पट दाट असते.

वारा नको म्हणून भल्या पहाटे फवारणारेही आहेत. हिवाळ्यात हे अंगलट येते. निरभ्र रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वर गरम हवेचा थर राहतो. अशा वेळी बारीक थेंब खाली बसत नाहीत आणि वरही जात नाहीत. आडवे सरकत राहतात. याची परीक्षा सोपी आहे. गावातल्या चुलीचा धूर सरळ वर न जाता घरांच्या आढ्याएवढ्या उंचीवर आडवा पसरलेला दिसला, की थांबावे. उन्हे वर येऊन धूर वर चढू लागला, झाडाची पाने हलकी हलू लागली आणि वारा शेजारच्या नाजूक पिकाकडे जात नसला, की पंप उचलावा.

पुस्तिका तृणधान्यांवर असली तरी कपाशीला वगळून वऱ्हाडातले तणनाशक समजत नाही. कपाशी २,४-डीला अतिशय हळवी आहे. शिफारशीच्या मात्रेचा शंभरावा हिस्सा आला तरी तिची नवी पाने भेंडीच्या पानासारखी चिरत जातात, शिरा समांतर होतात, आणि शेतकरी विषाणूजन्य रोग म्हणून घाबरतो. हे नुकसान दर वेळी वाऱ्याने होत नाही. पुष्कळदा आदल्या दिवशी २,४-डी मारलेला पंप नीट न धुता त्यातूनच कपाशीवर कीटकनाशक मारले जाते. तृणधान्यातले औषध कपाशीला, कपाशीतले तृणधान्याला असा हा फेरा आहे. त्याला एचटीबीटीने नवे वळण दिले. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला भारतात मान्यता नाही. तरी तिचे बियाणे गावोगाव पोचले, आणि १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते जाहीरपणे पेरले. बियाण्याच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे एवढेच पाहायचे, की पूर्वी कपाशीत ग्लायफोसेट मारायचे तर नोझलवर टोपी बसवून, ओळींच्या मधून, जपून मारावे लागे, कारण आपलीच कपाशी जळण्याची भीती असे. ती भीती शेजाऱ्याचेही रक्षण करत होती. पीकच औषध सोसणारे झाल्यावर टोपी निघाली आणि फवारा वरून सरसकट सुरू झाला. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला, पण धुऱ्यावर उभे राहून पाहिले तर पंप त्याच हातांत दिसतो.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. डायकांबा सोसणारे सोयाबीन तिथे आले आणि २०१७ च्या एका हंगामात, मिसुरी विद्यापीठातील तणशास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार, शेजारचे सुमारे ३६ लाख एकर साधे सोयाबीन उडालेल्या डायकांबाने बाधित झाले. त्याआधीच्या वर्षी आर्कान्सासच्या सीमेवर याच वादातून एका शेतकऱ्याचा गोळी लागून जीव गेला होता. २०२० आणि २०२४ मध्ये न्यायालयांनी या औषधांच्या परवानग्या रद्द केल्या. तिथे हवामान केंद्रे आहेत, प्रशिक्षित फवारणारे आहेत, तक्रारींची नोंद ठेवणारी राज्य मंडळे आहेत, तरी हे घडले. म्हणजे प्रश्न अडाणीपणाचा नाही.

आपल्याकडे तक्रार करायची कोठे? तणनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. तो कायदा औषधाची नोंदणी, दर्जा, विक्री आणि लेबल पाहतो. चांगल्या दर्जाचे, पावतीने घेतलेले औषध उडून शेजाऱ्याकडे गेले तर दुकानदार आणि कंपनी दोषी ठरत नाहीत. पीकविमा टाळता न येणाऱ्या नैसर्गिक जोखमींसाठी असतो. राहतो तो शेजारी. आणि शेजाऱ्याने स्वतः फवारलेले नसते. फवारणी करणारा गडी परगावचा, पंप त्याचाच, आदल्या दिवशी त्यात काय होते हे त्यालाच ठाऊक. मग संवाद असा होतो:

“भाऊ, तुमच्या वावरातलं औषध माह्या ज्वारीवर आलं.”

“मी माह्याच वावरात मारलं ना गा. हवेले का धुरा दाखवू?”

या उत्तराला कायद्याने उत्तर देणे अवघड आहे, पण पुराव्याने देता येते. म्हणून चौथ्या प्रकरणात नुकसान दिसल्यावर काय करायचे हे क्रमाने दिले आहे: धुऱ्यापासून आतपर्यंत तासांचे तारखेसह फोटो, उपटलेली झाडे मुळासकट, दोन्ही वावरांच्या फवारणीच्या तारखा, वाऱ्याची दिशा, वापरलेल्या बाटलीचे नाव. हे पहिल्या आठ-दहा दिवसांत झाले पाहिजे; नंतर खुणा पुसट होतात. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) बोलवावे. अमरावती जिल्ह्यात घातखेड आणि दुर्गापूर येथील कृषी विज्ञान केंद्रांत आणि अकोल्याच्या विद्यापीठात नमुना दाखवता येतो. पीक लगेच मोडू नये. पंधरा दिवस थांबून, ठिकठिकाणची झाडे चिरून, वाढबिंदू पांढरा आहे की तपकिरी हे पाहून मग ठरवावे.

ही पुस्तिका तणनाशकांच्या विरोधात नाही. निंदणाच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर एकाच आठवड्यात सगळ्यांना हव्या असतात, आणि ओणव्याने दिवसभर खुरपे चालवणे हे काही कौतुकाने जपावे असे काम नाही. त्याचबरोबर, पंपाच्या धुक्याला हलके समजण्याचे दिवसही गेले आहेत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो दवाखान्यात गेले. ती औषधे कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण जे धुके शेजारच्या वावरापर्यंत जाते ते आधी फवारणाऱ्याच्या नाका-तोंडावरून जाते. जाड थेंब, कमी दाब, योग्य नोझल आणि वाऱ्याकडे पाठ, या चार गोष्टींनी शेजाऱ्याची ज्वारी वाचते आणि फवारणाऱ्याची छातीही.

उपायांच्या शेवटच्या प्रकरणातली एक सूचना इथेच सांगून ठेवतो, कारण तिला पैसा लागत नाही. धुऱ्यालगतची चार-सहा तासे फवाऱ्यातून वगळावीत. तिथे डवरा आणि खुरपे चालवावे. आणि ज्याला ज्वारी, मका किंवा गहू पेरायचा आहे त्याने पेरणीच्या आधी, वखरपाळी चालू असतानाच, चारही शेजाऱ्यांना ते सांगावे. फवारणाऱ्यानेही उघडीप पडल्यावर पंप भरण्याआधी शेजाऱ्याला एक फोन करावा. काही गावांत शेतकऱ्यांचे गट बियाणे-खते एकत्र आणतात. तेच गट धुऱ्यावरच्या पिकांची यादीही करू शकतात. शिवारातले ज्वारीवाले एका बाजूला सलग आले तर औषधाचाही धोका घटेल आणि पाखरांचाही.

ज्या काळात सगळ्यांची पिके सारखी होती, त्या काळात आपल्या वावरात काय मारायचे हे ज्याचे त्याने ठरवले तरी चालत होते. आता शेजारी-शेजारी परस्परविरोधी पिके आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याचे विष आहे. अशा शिवारात तणनाशकाचा निर्णय एकट्याचा राहत नाही. ही पुस्तिका ज्याच्या हाती पडेल त्याने ती वाचून झाल्यावर धुऱ्यापलीकडच्या माणसाला द्यावी. दोघांनी वाचली तरच तिचा उपयोग आहे.

वलगाव, जि. अमरावती